कुणाच्या खोडीला खोडी म्हणायचं?

मराठी बालसाहित्यातले लाडके नायक आठवून पाहिले, की एक गुण सगळ्यांत सारखा दिसतो: ते खोडकर आहेत. ताम्हनकरांचा गोट्या आणि त्यांचीच चिंगी, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. ही मुलं नाही तिथे नाक खुपसतात, घरी न सांगता सायकल काढतात, मोठ्यांशी वाद घालतात. तरीही वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून खात्री असते की पोर मनाने चांगलं आहे आणि शेवटी सगळे त्याचं कौतुकच करणार. हा विश्वास त्या मुलाला फुकट मिळालेला असतो. तो त्याच्या घरातून, आडनावातून आणि भाषेतून येतो. आता तीच खोडी पारध्याच्या किंवा कैकाड्याच्या पोराने केली, तर गोष्टीतलं गाव तिला काय म्हणेल? आपल्या पुस्तकांत कोण आहे आणि कोण नाही याचा हिशेब करताना मला हा प्रश्न डोकी मोजण्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

कारण डोकी मोजायला गेलं, तर बहुजन, दलित, आदिवासी मुलं आपल्या पुस्तकांत पूर्वीपासून आहेत. पण ती असतात कशासाठी? नायकाच्या मनाचा मोठेपणा दिसावा म्हणून. ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी पडते, तिला हात लावायला कुणी पुढे होत नाही, आणि आई श्यामला जायला सांगते. घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. त्या काळी, कोकणातल्या त्या घरात, एवढं करणंसुद्धा धाडसाचं होतं. गुरुजींची कळकळ खरी होती. पुढे १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी प्राण पणाला लावले. पण त्या प्रकरणाच्या शेवटी आपल्याला श्यामचं मन कळतं, आईचं मन कळतं. मोळीवालीच्या घरी कोण होतं, तिच्या नातवाला त्या संध्याकाळी तिने काय सांगितलं, हे कळत नाही. त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांतल्या लेखकांनी गुरुजींची तळमळ घेतली नाही, एवढी मांडणी मात्र उचलली. गरीब मित्र, मोलकरणीची मुलगी, ईदला शिरखुर्मा देणारा शेजारचा मुलगा ही पात्रं नायकाला चार गोष्टी शिकवतात आणि गोष्टीतून निघून जातात.

खरी खंत पुढेच आहे. मराठीत या मुलांचं बालपण लिहिलंच गेलेलं नाही असं नाही. ते इतकं ताकदीने लिहिलं गेलं की भारतातल्या इतर भाषांनी त्याचा कित्ता गिरवला. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. मग सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’, लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’, किशोर शांताबाई काळेंचं ‘कोल्हाट्याचं पोर’. यांतली अर्धीअधिक पानं बालपणाचीच आहेत. शाळेचा पहिला दिवस आहे, आजी आहे, भूक आहे, उनाडक्या आहेत. पण ही सगळी पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात गेली. मुलांच्या वाट्याला फार तर पाठ्यपुस्तकातला एखादा उतारा आला, खाली स्वाध्याय जोडून. एकाच भाषेत, एकाच काळात एका बाजूला हे चालू होतं आणि दुसऱ्या बाजूला मुलांच्या फळीवर सुट्टी, मामाचा वाडा आणि रहस्यकथा. या दोन फळ्यांमध्ये ये-जा जवळजवळ झालीच नाही.

आनंद यादवांच्या ‘झोंबी’तला एक भाग पाहा. कागलचा हा पोरगा शाळेसाठी बापाशी झगडतो. मास्तर वर्गात कविता गाऊन शिकवतात, आणि मग शेतात पाणी पाजताना, ढोरं राखताना हाही मोठ्याने गायला लागतो. स्वतः कविता जुळवू लागतो तेव्हा जवळ कागद-पेन्सिल नसली, की काटकीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिहितो. याच्यापेक्षा देखणं चित्र मुलांच्या पुस्तकाला कुठून मिळणार? त्यात दैन्य आहे, पण पोरगा दीनवाणा नाही. त्याला एकटं असण्यात मजा वाटायला लागली आहे आणि म्हैस निवांत चरते आहे. ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा एक भाग ‘जूझ’ या नावाने बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकात गेला आणि उत्तरेतल्या लाखो मुलांनी वाचला. दहा वर्षांच्या मराठी मुलासाठी ती म्हैस घराघरांत पोचायला हवी होती.

डॉ. आंबेडकरांच्या बालचरित्रांचंही असंच आहे. ती भरपूर आहेत, आणि दलित मूल मुलांच्या पुस्तकात नायक म्हणून येतं ते बहुधा थोर पुरुषाचं बालपण म्हणूनच. १९०१ सालचा कोरेगावचा प्रवास बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. त्यात अपमानाच्या आधी केवढा आनंद आहे! नवे सदरे, चमचमत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं, आणि पहिलाच रेल्वेप्रवास. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळते आणि कुणी गाडीवान न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल होतो, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. टोप्यांचा आनंद आधी नीट सांगितला, तरच वाचणाऱ्या मुलाला त्या रात्री पाणी न मिळाल्याची तहान कळते. आपली बालचरित्रं टोप्या गाळतात आणि अपमान ठेवतात. वाचणाऱ्या मुलाला मग कीव येते, मैत्री वाटत नाही.

याचं मूळ मला संस्कारांच्या कल्पनेत दिसतं. मुलांचं पुस्तक म्हणजे वळण लावण्याचं साधन, हे आपण फार घट्ट धरलं. वळण लावणारं घर कोणतं, हेही मग न बोलता ठरून गेलं. भाषेचं तेच. प्रमाण मराठी निवेदकाची आणि नायकाची. बोली गड्याची, भाजीवालीची, नाही तर विनोदापुरती. प्रकाश नारायण संतांच्या लंपनने हे मोडून दाखवलं. त्याची बेळगावकडची, कन्नडचा वारा लागलेली मराठी वाचून पुण्या-मुंबईची मुलं वेडी झाली, कुणालाही शब्दकोश लागला नाही. तरीही अहिराणी, वऱ्हाडी किंवा वारली बोलत विचार करणारा नायक मुलांच्या कादंबरीत क्वचितच भेटतो.

किशोरवयीनांची फळी तर आणखी रिकामी. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) मुलं हावरटासारखी वाचतात, कारण त्या वयाशी खरं बोलणारं दुसरं फारसं काही नाही. तीही जोशी-शिरोडकरांची शाळा. जब्या सापडला तो पडद्यावर, नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त (२०१३). काळ्या चिमणीमागे धावणारा, शालूसाठी झुरणारा, डुकरं धरायची लाज वाटणारा. मंजुळेंनी त्याला प्रेम करायची, स्वप्न पाहायची, चिडायची पूर्ण मुभा दिली. तेवढी मुभा आपल्या किशोर कादंबरीने अशा मुलाला अजून दिलेली नाही. मुलगा आवडणाऱ्या मुलाबद्दल, किंवा आपलं शरीर आपलं वाटत नाही अशा मुलीबद्दल तर ती जवळजवळ गप्पच आहे.

बदल होत नाहीत असं मात्र नाही. माधुरी पुरंदरे यांनी चित्र आणि मजकूर दोन्हींतून रोजचं घर, रोजची गल्ली पुस्तकात आणली, आणि मुलाला उपदेशाविना वाचू दिलं. ल. म. कडूंच्या ‘खारीचा वाटा’मध्ये धरणाखाली जाणारं गाव एका मुलाच्या डोळ्यांनी दिसतं, त्याला २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०१९ मध्ये तो सलीम सरदार मुल्ला यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ला गेला. वनखात्यात नोकरी करणाऱ्या माणसाचं जंगल पुस्तकातून जमवलेलं नसतं, हे तिथे जाणवतं. पालघरच्या सोनाळ्यातली ‘क्वेस्ट’ संस्था ‘गोष्टरंग’मधून नट घेऊन आश्रमशाळांत जाते आणि मुलांसमोर पुस्तकांतल्या गोष्टी उभ्या करते. प्रथम बुक्स आणि तूलिकामुळे इतर भाषांतली निराळ्या घरांची चित्रपुस्तकं मराठीत येतात.

यातली काही नवी पुस्तकं वाचताना मात्र जुनीच भीती वाटते. व्हीलचेअरवरची मुलगी फक्त जिद्दी असते, आदिवासी मुलगा फक्त झाडांचा मित्र असतो. हट्ट, खोटेपणा, मत्सर, आळस यांतलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही. लेखक-संपादकांनी बहुधा धसका घेतलेला असतो, की असं काही लिहिलं तर त्या समाजाची बदनामी होईल. हा धसका समजण्यासारखा आहे. पण त्यावर उपाय ती मुलं आतून ओळखणारे लेखक शोधणं हा आहे. असे लेखक आहेत. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, कुणी स्वतःच्या पोरांना रात्री गोष्टी सांगतात. प्रकाशकांनी त्यांच्याकडून आत्मचरित्रं पुष्कळ मागितली. आता त्यांच्याकडे मागायला हवी ती आठ वर्षांच्या मुलासाठी चोवीस पानांची एक धमाल गोष्ट, त्यांच्या बोलीत, आणि चित्रं त्या वस्तीत राहून काढणाऱ्या चित्रकाराची.