समुद्रावर जन्मलेली

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्याला पुरुषांचे कागद सापडतात. बाईचा माग काढू लागले की पायवाट मध्येच नाहीशी होते. अशा एका नाहीशा झालेल्या पायवाटेची हकीकत अ‍ॅलिस मन्रो या कॅनेडियन लेखिकेच्या ‘द व्ह्यू फ्रॉम कॅसल रॉक’ (२००६) या कथासंग्रहात आली आहे. २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या आणि २०२४ साली निवर्तलेल्या या लेखिकेचे माहेरचे घराणे लेडलॉ. दक्षिण स्कॉटलंडातील एट्रिकच्या खोऱ्यातले हे मेंढपाळ. १८१८ साली म्हातारा जेम्स लेडलॉ मुलाबाळांसह लीथ बंदरात जहाजावर चढला आणि कॅनडाला गेला. त्या प्रवासातच त्याची सून अ‍ॅग्नेस बाळंत झाली.

या प्रवासाची साधने कोणती? जेम्सचा मुलगा वॉल्टर रोजनिशी लिहीत होता. खुद्द म्हाताऱ्याने कॅनडातून पत्रे धाडली. त्यांतले एक ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात छापूनही आले. स्कॉटलंडात सरकारी जन्ममृत्यूनोंद सुरू झाली ती १८५५ साली. त्यापूर्वीची सारी भिस्त चर्चच्या वह्यांवर. अ‍ॅग्नेसच्या हातचे अक्षर मात्र पुस्तकात कुठे भेटत नाही.

म्हणून या घरच्या बायका मुक्या होत्या असे कोणी समजू नये. याच घराण्यातील मार्गारेट लेडलॉ हिला जुने पोवाडे मुखोद्गत होते. वॉल्टर स्कॉटने ते तिच्याकडून उतरवून घेतले. छापून तुम्ही त्यांची माती केलीत, असे तिने त्याला सुनावल्याचे तिचा मुलगा, कवी जेम्स हॉग, याने नमूद केले आहे. बायकांचे शब्द तोंडी होते, पुरुषांचे कागदावर. आणि मागे उरतो तो कागद.

जिथे कागद संपतो तिथे मन्रोबाई कल्पनेचा हात धरतात. जहाजावर वेणा सोसणारी तापट अ‍ॅग्नेस आणि चिमुकल्या भाच्याला जिवापाड जपणारी अविवाहित नणंद मेरी, या दोघी त्यांनी रक्तामांसाच्या केल्या आहेत. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. अशी मोकळी जागा दिसली की लेखणी कशी चौखूर उधळते हे मला ठाऊक आहे. बाईंची थोरवी ही, की कथेच्या शेवटी त्या लगाम खेचतात. त्या वाचकाला कॅनडातील बोस्टन चर्चच्या स्मशानात नेतात. तेथे कल्पनेचे काही चालत नाही. मेरीचा तो लाडका भाचा कॅनडाला पोहोचल्यावर लवकरच गेलेला असतो. जहाजावर जन्मलेली इझाबेल मोठी होऊन, लग्न होऊन, आईसारखीच अकाली गेलेली. तिच्या दगडावर कोरले आहे, जन्म समुद्रावर. अ‍ॅग्नेसच्या त्या वेणांचा मागे उरलेला पुरावा एवढाच.

सर्वच कथांत हा तोल टिकलेला नाही. ‘इलिनॉय’ या कथेत विल्यम लेडलॉ पटकीने मरतो आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोला मुलगी होते. ही घडलेली गोष्ट. एवढा दारुण प्रसंग हाती असताना बाई तान्ह्या मुलीला लपवून ठेवण्याचा एक कल्पित खेळ रचतात. खेळ चतुर आहे, वाचकाला धरून ठेवतो. पण त्या गडबडीत विधवेचे दुःख मागच्या खोलीत जाऊन बसते. कागदाने जिला वगळले तिला कल्पनेनेही बाजूला सारावे, हे मला खटकले.

तरीही संग्रह मोठाच म्हणायला हवा. पूर्वजांची स्तुती करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. इथे एक वंशज कागदाने काय सांगितले आणि आपण काय रचले, याचा हिशेब वाचकापासून लपवत नाही. शाळेची रजिस्टरे भरण्यात माझी वर्षे गेली. नोंदीतल्या एका ओळीमागे केवढे आयुष्य उभे असते, हे मला त्या रजिस्टरांपेक्षा या कथांनी अधिक शिकवले.