निजामीचा ‘खमसा’ आणि चित्रकाराचे भाष्य

भारतात सिद्ध झालेल्या फारसी काव्याच्या सुशोभित हस्तलिखितांकडे दोन प्रकारच्या अभ्यासकांनी पाहिले, आणि बहुधा दोघांनीही ती अर्धीच पाहिली. कलेतिहासकाराने चित्र पाहिले, बैत वाचली नाही. साहित्येतिहासकाराने संहिता उचलली आणि पान सोडून दिले. वस्तुतः अशा ग्रंथातील चित्रकार हा काव्याचा भाष्यकारच होय. मात्र त्याचे भाष्य नेहमी आज्ञाधारक असते असे नाही.

अकबरासाठी १५९५च्या सुमारास तयार झालेला निजामीचा ‘खमसा’ या दृष्टीने विचारार्ह आहे. त्याचा लेखक ‘अंबरीन कलम’ हा किताब मिळालेला अब्दुर्रहीम. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल अक्षराला चित्राहून वरचे स्थान देतो, आणि येथेही पृष्ठाची लय नस्तालिक अक्षरांचे स्तंभ ठरवितात, चित्राला त्या लयीत आपली जागा शोधावी लागते.

ती जागा मधू खानाजादाने कशी घेतली, हे अफलातूनाच्या चित्रात दिसते. निजामीच्या कथेत हा तत्त्वज्ञ संगीताने पशूंना निद्रिस्त करतो व पुन्हा जागे करतो. बाराव्या शतकातील गंजा येथील कवीच्या या नायकापुढे चित्रकाराने चक्क फिरंगी ऑर्गन मांडला आहे, आणि त्याच्या फळ्यांवर युरोपीय धर्तीच्या आकृती आहेत. अकबराने १५७५ मध्ये हाजी हबीबुल्लास गोव्यास धाडले होते; त्याने आणलेल्या ऑर्गनचे नवल बदायूनीनेही नोंदविले आहे. हा कालविपर्यास म्हणून हसून सोडण्याचा विषय नव्हे. श्रोत्याला मोहून टाकणारे अपरिचित वाद्य कसे असेल, या काव्यातल्या प्रश्नाला चित्रकाराने दरबाराच्या ताज्या अनुभवातून दिलेले ते उत्तर आहे. समोर निश्चेष्ट पडलेले पशू मात्र निद्रिस्त की मृत, हे चित्र सांगत नाही. तेथे बैतच हवी.

पुढे जहांगीरच्या आज्ञेने दौलत या चित्रकाराने ग्रंथसमाप्तीच्या पानावर लेखकासमवेत स्वतःलाही चितारले. अबुल फजलच्या उतरंडीला यापेक्षा सौम्य प्रत्युत्तर क्वचितच दिले गेले असेल.

या ग्रंथाचा मुख्य भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातून सुटलेली काही पाने, पाच चित्रांसह, बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहेत. सुटे पान चौकटीत टांगले की चित्र सुरक्षित राहते, परंतु त्याची पाठ भिंतीकडे जाते, आणि कथा बहुधा त्याच पाठीवर पुढे चालू असते.