चादरीवरचा मोर कोणाचा?

सोलापुरांत चादरीच्या एका दुकानांत बसलों असतां आम्हीं दुकानदारास सहज विचारलें, "ही नक्षी कोणाची?" दुकानदार मोठा अगत्यशील गृहस्थ. त्यानें चादरीची घडी पुरती उलगडली, कोपऱ्यावरचा कारखान्याचा छाप दाखविला आणि अभिमानानें उत्तर दिलें, "अस्सल सोलापूरची, साहेब!" उत्तर खोटें नव्हतें, पण आमच्या प्रश्नाचें तें उत्तरही नव्हतें. गांवाचें नांव आम्हांस ठाऊक होतें, आणि कारखान्याचें नांव छापावर होतेंच. ज्या हातानें त्या मोराची मान प्रथम कागदावर वळविली, त्या हाताचें नांव आम्ही विचारीत होतों. तें दुकानदारास माहीत नव्हतें, आणि माहीत असावें असें त्याला कधीं वाटलेंही नव्हतें. दोष त्या बिचाऱ्याचा नाहीं. आम्हां टीकाकारांना तरी तें कधीं वाटलें आहे?

कविता, कादंबरी, नाटक यांवर आम्ही रकानेच्या रकाने लिहितों. चौकटींत बसविलेल्या चित्रावरही अधूनमधून लिहितों. परंतु मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या डोळ्यांपुढें जें चित्र दिवसरात्र असतें, त्या चादरीवरच्या, पडद्यावरच्या, लुगड्याच्या पदरावरच्या चित्राविषयीं आमच्या टीकावाङ्मयांत अवाक्षर सांपडत नाहीं. प्रदर्शनांतील चित्रापुढें आपण पांच मिनिटें उभे राहतों. चादरीवरील चित्राखालीं वीस वर्षें झोंपतों. तरीही पहिल्याला आपण कला म्हणतों आणि दुसऱ्याला माल म्हणतों. हा भेद बुद्धीला पटण्यासारखा आहे काय, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

त्यासाठीं नक्षी मागावर कशी उतरते हें थोडें समजून घेतलें पाहिजे. फ्रान्समधील ल्यों शहरच्या जोसेफ मारी जेकार्ड यानें १८०४ सालीं सिद्ध केलेली युक्ति सोलापूरच्या चादरीच्या मुळाशीं आहे. प्रथम चौकडीच्या कागदावर नक्षी मांडतात. एकेक चौकोन म्हणजे उभ्या ताण्याची व आडव्या बाण्याची एकेक भेट. त्या भेटींत कोणता धागा वर यावयाचा हें चौकोनांत ठरतें. मग त्या आंखणीबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोंकें पाडतात. जेथें भोंक तेथें ताण्याचा धागा उचलला जातो. जेथें नाहीं तेथें तो खालींच राहतो. बाण्याच्या एका फेऱ्यास एक पट्टी. पट्ट्या ओवून त्यांची माळ केलेली असते. माळ संपली कीं पुन्हां पहिली पट्टी येते, आणि नक्षीही पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. मोर किती उंच असावा हें पट्ट्यांच्या संख्येवर, आणि किती रुंद असावा हें मागावरील आंकड्यांच्या संख्येवर अवलंबून असतें. कवीला जसें वृत्ताचें बंधन, तसें नक्षीकाराला हें मागाचें बंधन आहे; आणि वृत्तांत शब्द कोंबणारा व वृत्तांत सहज बोलणारा यांत जें अंतर, तेंच येथेंही डोळस माणसाला दिसतें.

सोलापुरी चादर एकदां उलटून पाहावी. तीच नक्षी पाठीवर दिसते, परंतु रंगांची अदलाबदल झालेली असते. वर तांबड्यावर पांढरा मोर असेल, तर खालीं पांढऱ्यावर तांबडा. कारण तेथें कापडाचे दोन थर एकाच वेळीं विणले जातात आणि नक्षीच्या ठायीं ते परस्परांची जागा घेतात. याचा अर्थ असा कीं, या कलेंत पार्श्वभूमि म्हणून उरलीसुरली जागा नसतेच. मोराच्या पंखांमधील पोकळी पलीकडल्या बाजूस स्वतःच आकार होऊन बसते. कागदावर मोर सुंदर काढला, पण पोकळीचा विचार केला नाहीं, तर चादर उलटतांच तो नक्षीकार उघडा पडतो. आकार आणि अवकाश या दोहोंना सारखाच मान देणारी ही रचना किती कठीण आहे, हें चौकटींतल्या चित्राच्या अभ्यासकानेंही मान्य करावें.

दुसरी गोष्ट वळणाची. चौकडीच्या कागदावर गोलाई येत नाहीं. वेलीचें प्रत्येक वळण पायऱ्यापायऱ्यांनींच चढावें लागतें. सामान्य नक्षीकार या पायऱ्या लपवूं पाहतो, जाणता त्यांचाच ताल धरतो. सोलापुरांत देवदेवतांचे व थोर पुरुषांचे चेहरे विणलेले भित्तिपट होतात. त्यांतील हस्तकौशल्य थक्क करणारें आहे, तरी आमचें मत स्पष्टपणें सांगतों, तेथें मागाला छायाचित्राची नक्कल करावी लागते, आणि पाहणारा "अगदीं फोटोसारखें!" म्हणून निघून जातो. चादरीवरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मोराला कोणी फोटोसारखा म्हणत नाहीं. तो मागाच्याच भाषेंत बोलतो, म्हणून तो आम्हांस अधिक अस्सल वाटतो.

इतकी बुद्धि जिला लागते, त्या कलेवर कोणाची नोकरी न पत्करतां स्वतंत्रपणें निर्वाह करूं, असें एखाद्या मुलानें वा मुलीनें घरीं सांगितलें तर? प्रश्न काल्पनिक नाहीं. चित्रकला शिकलेलीं मुलें आज कथाचित्रें, मुखपृष्ठें, भेटकार्डें आणि कापडावरील नक्षी अशीं सर्व कामें मिळून एक स्वतंत्र धंदा उभारूं पाहतात, आणि आईबाप चिंतेंत पडतात. या चिंतेस उत्तर देण्यापूर्वीं आपल्याकडे या वाटेनें कोण गेलें हें पाहिलें पाहिजे.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत व्यापारी कलेचा विभाग १९३५ सालीं निघाला. पुस्तकांचीं व मासिकांचीं चित्रें काढून प्रतिष्ठेनें जगतां येतें, हें मराठी घरांना ज्यांनीं पटवून दिलें त्यांत गोव्याहून आलेले दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) अग्रगण्य होत. त्यांनीं स्वतःचा स्टुडिओ काढला, १९४५ सालीं 'दीपावली' हा स्वतःचा अंक सुरू केला. आणि मुखपृष्ठावरची 'दलाल' ही सही लेखकांच्या नांवांइतकीच ओळखीची झाली. सोलापूर जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर पंढरपुरास १९१५ सालीं जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनीं मुंबईस सिनेमाचे फलक रंगविले, मुलांचीं खेळणीं व फर्निचर यांचे आराखडेही केले. पुढें त्यांचे कॅनव्हास जगानें पाहिले; तीं खेळणीं आज कोणाच्या स्मरणांत आहेत? सही कॅनव्हासवर होती, खेळण्यावर नव्हती.

येथेंच आमच्या मतें सर्व प्रश्नाची गुरुकिल्ली आहे. मुखपृष्ठाला कोपरा असतो. त्या कोपऱ्यांत चित्रकार सही करतो, आणि सहीमागून नांव, नांवामागून मागणी, मागणीमागून योग्य मोबदला येतो. नक्षीला कोपराच नसतो. तिचें सौंदर्यच असें कीं, ती कोठें सुरू होते व कोठें संपते हें कळूं नये. सही केली तर तीही प्रत्येक आवर्तनांत उमटेल! म्हणून कथाचित्रकार नांवारूपास आला आणि नक्षीकार, अधिक कठीण काम करूनही, अनामिक राहिला.

परंतु हें अटळ नाहीं. इंग्लंडांत विल्यम मॉरिसच्या नक्षीला त्याचें नांव चिकटलें, कारण कारखानाही त्याचाच होता. स्ट्रॉबेऱ्या पळविणाऱ्या पक्ष्यांची त्याची १८८३ सालची छपाई आजही त्याच्या नांवानेंच ओळखली जाते. ल्यूसिएन डे या बाईंपाशीं कारखाना नव्हता. त्या स्वतंत्रपणें नक्षी करून देणाऱ्या होत्या. १९५१ सालच्या ब्रिटन महोत्सवांत त्यांची 'कॅलिक्स' ही नक्षी गाजली, आणि ती छापणाऱ्या हील्स या पेढीनें कापडाच्या कडेला बाईंचें नांव छापलें. नक्षीला कोपरा नसला तरी कापडाला कड असते, एवढी साधी गोष्ट त्यांना सुचली. ती सोलापुरास सुचण्यास काय हरकत आहे?

आतां कायद्याकडे वळूं. १९९९ सालच्या भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याचा लाभ महाराष्ट्रांतून प्रथम मिळविणाऱ्या वस्तूंत सोलापुरी चादर आहे. ही आनंदाचीच गोष्ट. तेलंगणांतून येऊन येथें स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या श्रमांचा तो मान आहे. पण त्या कायद्यानेंही आमच्या दुकानदाराचेंच उत्तर दिलें: नक्षी कोणाची, तर सोलापूरची. व्यक्तीच्या हक्काचा कायदा वेगळा आहे, आणि त्यांत एक खांचखळगा आहे तो प्रत्येक होतकरू नक्षीकारानें ध्यानांत ठेवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें, ज्या नक्षीची नोंदणी होऊं शकत होती पण केली नाहीं, ती धन्याच्या संमतीनें यंत्रावर पन्नासांहून अधिक वेळां उतरली कीं तिच्यावरील कॉपीराइट संपतो. पन्नास चादरी म्हणजे बाजाराच्या हिशेबीं किती? २००० सालच्या कायद्यान्वयें नोंदणी केल्यास दहा वर्षें, व पुढें वाढवून आणखी पांच वर्षें संरक्षण मिळतें. मात्र ती नोंदणी नक्षी बाजारांत आणण्यापूर्वीं झाली पाहिजे. तसेंच कॉपीराइट दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी द्यावा लागतो; लेखांत मुदत नसेल तर ती पांच वर्षांची धरतात. तोंडी सौदा करून मूळ कागद हवालीं करणारा नक्षीकार आपलें शेत विकून वर सातबाराही भेट देतो. हल्लीं पुष्कळ मागांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जागा संगणकानें घेतली आहे, त्यामुळें चोरी तर अधिकच सोपी झाली आहे.

यावर एक आक्षेप येईल, व तो आदरणीय आहे. आमच्या कारागिरांनीं कधीं सह्या केल्या काय? पैठणीवरचा मोर कोणाचा? अनामिकता हेंच आमच्या कलेचें भूषण नव्हे काय? यास आमचें उत्तर असें कीं, मोर कोणाचाच नाहीं, तो सर्वांचा आहे. पण त्या विशिष्ट मोराची ती विशिष्ट मांडणी कोणा एकाच्या कष्टाची आहे. आणि बलुत्याच्या व्यवस्थेंत सुतार-कुंभाराचें नांव वस्तूवर नसलें तरी गांव त्याला ओळखीत असे व खळ्यावर त्याचा वांटा ठेवीत असे. आजच्या बाजारांत कारखान्याला नांव आहे, दुकानाला नांव आहे, शहराला नांव आहे. नांव नाहीं तें फक्त नक्षीकाराला. सर्वांनीं अनामिक राहावें हा विरक्तीचा धर्म असेल. एकानेंच राहावें हा धर्म नव्हे, ती सोय आहे, आणि ती त्याची नाहीं.

तेव्हां आईबापांस आमचें सांगणें एवढेंच कीं, मुलांस या वाटेपासून परावृत्त करूं नये, आणि फसव्या स्तुतीनें ढकलूंही नये. प्रारंभींचीं वर्षें ओढगस्तीचीं जातील. शिकवणी किंवा अर्धवेळचें काम हाताशीं असावें. मुखपृष्ठाचा मोबदला बहुधा एकदांच मिळतो. नक्षीचा हक्क जपला तर तीच नक्षी चादरीवर, पडद्यावर, वेष्टनाच्या कागदावर पुन्हां पुन्हां कामास येते. मुलानें चित्र काढावयास शिकावें तितक्याच काळजीनें करार वाचावयास शिकावें, आणि मागाजवळ बसून माग शिकावा.

राहिलों आम्ही, मासिकें चालविणारे व त्यांत लिहिणारे. मुखपृष्ठाचें चित्र कोणाचें, हें न छापतां अंक काढण्याचा अपराध आमच्याही जातीकडून घडत आला आहे. चादरीच्या कारखानदारास उपदेश करण्यापूर्वीं तो आम्हीं कबूल केला पाहिजे. आणि वाचकांनीं? त्यांनीं पुढल्या वेळीं चादर घेतांना, भाव करण्यापूर्वीं, एकच प्रश्न विचारावा: ही नक्षी कोणाची? पहिल्या दहा दुकानांत "सोलापूरची" हेंच उत्तर मिळेल. पण गिऱ्हाइकाचा प्रश्न वारंवार आला म्हणजे दुकानदार तो कारखान्यास विचारतो. असें झालें तर कधींतरी चादरीच्या कडेला, कारखान्याच्या छापाशेजारीं, बारीक अक्षरांत एका माणसाचें नांव विणलेलें सांपडेल.