टाळीची ओळ

संपादकांनी दिवाळी अंकासाठी टीकालेख मागितला, तेव्हा एखाद्या नव्या काव्यसंग्रहावर लिहावे असे माझ्या मनात होते. दोन-तीन संग्रह उशाशी आणूनही ठेवले होते. परंतु मध्यंतरी भाद्रपदातल्या एका रविवारी संध्याकाळी मी खडकीला कविता ऐकायला गेलो, आणि तिथून परतल्यापासून ते संग्रह काही माझ्याच्याने उघडवले नाहीत. तेव्हा छापील कवितेऐवजी मी ऐकलेल्या कवितेविषयी आणि ती ऐकवणाऱ्यांविषयीच लिहितो. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या, पण काव्यशास्त्र असे कुणापाशी शिकलो नाही. वाचकांनी हे लक्षात ठेवून पुढे वाचावे.

खडकी म्हटले की पुण्याच्या माणसाला छावणी आठवते, लष्करी इंजिनियरांच्या पलटणी आठवतात, आणि १८६९ सालापासून चालत आलेला दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. इतिहास वाचलेल्याला ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. कविता मात्र कुणाला आठवत नाही. पुण्यात साहित्य म्हणजे सदाशिव आणि नारायण पेठ, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. नदीपलीकडे बाजार, बराकी आणि कारखाना. तिथे कसली आली आहे कविता! मीही काहीशा याच समजुतीने गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. आमंत्रण माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे होते, म्हणून गेलो.

एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली. प्लास्टिकच्या साठएक खुर्च्या, पुढे मुलांसाठी सतरंजी, मधूनमधून शिट्टी मारणारा ध्वनिक्षेपक. निवेदक तरुण होता आणि कार्यक्रमाला तो ‘ओपन माइक’ म्हणत होता. शेजारी बसलेले वृद्ध गृहस्थ त्यालाच ‘काव्यवाचन’ म्हणत होते. दोघांचे म्हणणे एकच होते. ज्याला यायचे त्याने यावे, नाव द्यावे आणि पाच मिनिटांत कविता म्हणून खाली बसावे.

पहिले उठले ते कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी कविता वाचली नाही, गाइली. डोळे मिटून, हात किंचित पुढे करून, प्रत्येक कडव्याच्या शेवटी सूर लांबवून. चाल जुनी होती. आमच्या लहानपणी शाळेत कविता जशा म्हणवून घेत, तशी. शब्द सामान्य होते, पण ऐकताना ते खटकले नाहीत. चालीचा हा मोठा गुण आणि हाच तिचा मोठा धोका. ती सामान्य शब्दालाही हात देऊन पैलतीरी नेते, आणि मग शब्दाला स्वतः पोहता येते की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

त्यांच्यानंतर कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. हातात वही नव्हती, भ्रमणध्वनीही नव्हता; सगळे पाठ. तुटलेल्या प्रेमाविषयी ती बोलत होती, आणि खरोखर बोलतच होती: मराठी, हिंदी, मधेच इंग्रजी, जशी ती कट्ट्यावर बोलत असेल तशी. एके ठिकाणी ती थांबली. ते थांबणे तालमीचे होते हे मला दिसले, आणि तरीही खोली क्षणभर स्तब्ध झाली हेही दिसले. पुढे मात्र तिचा आवाज चढत चढत गेला आणि शेवटी तो जिथे पोचला तिथे कवितेचे काही काम नव्हते. ही पद्धत आता जगभर पसरली आहे. १९८६ साली शिकागोच्या एका मद्यगृहात मार्क स्मिथ या बांधकामावर काम केलेल्या कवीने कवितेची झुंज सुरू केली. श्रोत्यांतूनच पंच निवडायचे आणि त्यांनी शून्य ते दहा असे गुण द्यायचे. कवितेला विद्यापीठातून उचलून लोकांत आणावे हा त्याचा हेतू चांगलाच होता. पण जिथे गुण आले, तिथे गुण मिळवण्याची युक्ती येणारच. शाळामास्तराला हे वेगळे सांगायला नको.

एक विनोदी कवी झाले. त्यांनी बायकोवर तीन आणि पुढाऱ्यांवर दोन कविता म्हटल्या, लोक पोट धरून हसले. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. एक गझल झाली. तिच्यात काफिया बिनचूक होता आणि त्यापलीकडे काही नव्हते. एका गृहिणीने छोट्या डायरीतून, मान वर न करता, सासूच्या आजारपणावर बारा-पंधरा ओळी वाचल्या. ध्वनिक्षेपक तिच्यापासून हातभर लांब राहिला होता. मागच्यांना काही ऐकू गेले नाही, आणि टाळ्याही फारशा पडल्या नाहीत. त्या ओळींत औषधाच्या वाटीचा एक उल्लेख होता, तो मी अजून विसरलो नाही.

आता थोडे मागे जातो, कारण या खोलीतली भांडणे जुनीच आहेत.

मराठी कविता छापली जाण्याआधी शेकडो वर्षे ऐकली जात होती. ओवी जात्यावर, अभंग कीर्तनात, पोवाडा आणि लावणी फडावर. खडकीच्या लढाईने जी पेशवाई खचली, तिच्या अखेरच्या दिवसांतले शाहीर पाहा: होनाजी बाळा गवळी, सगनभाऊ धर्माने मुसलमान आणि धंद्याने शिकलगार. त्यांना कुणी वाचले नाही. लोकांनी त्यांना ऐकले. पुढे छापखाना आला आणि कवी घरात बसून लिहू लागला. तरीही मंचाची ओढ सुटली नाही. १९२३ साली पुण्यातच रविकिरण मंडळ निघाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश या मंडळींनी काव्यगायन गावोगाव लोकप्रिय केले. मराठी मध्यमवर्गाला कविता ऐकण्याची गोडी त्यांनी लावली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण गळ्याला शोभेल तेच लिहायचे, ही खोडही तेव्हाच लागली. आणि १९२५ साली अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढून त्या काळच्या कवितेची जी टर उडवली, तिला ऐकणाऱ्यांनी हसून दाद दिली ती उगाच नव्हे.

मर्ढेकरांनंतर कविता पुन्हा पानावर गेली. ती गाता येत नव्हती, आणि तिला गायचेही नव्हते. मग विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे एकत्र महाराष्ट्रभर हिंडले आणि चालीवाचून, निव्वळ वाचून, त्यांनी कविता सभागृहात उभी केली. तिघांचे आवाज तीन तऱ्हांचे. त्यांच्या ध्वनिफिती मी ऐकल्या आहेत. आपण आज ज्याला काव्यवाचन म्हणतो, त्याचा आदर्श लोकांच्या मनात बव्हंशी त्या तिघांनीच घडवला. त्याच सुमारास, १९६२ साली, नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आला आणि गिरणीतला माणूस स्वतःच्या बोलीसकट मराठी कवितेत येऊन उभा राहिला.

तेव्हा मंचाने कविता बिघडते, हे पंडिती म्हणणे मला मान्य नाही. ज्या भाषेतली निम्मीअधिक कविता मंचावरच जन्मली, तिच्यात असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. बिघाड दुसरीकडे आहे. तो कुठे आहे हे मला त्या संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याने दाखवले.

तो शेवटी उठला. त्याचे वडील त्याच कारखान्यात होते, तो स्वतः एका खाजगी कंपनीत आहे. पहिली कविता त्याने १८१७ च्या लढाईवर म्हटली. तोफा, घोडे, गारपीर, गणेशखिंड. आवाज खोलीत मावेना. उच्चार इतके शुद्ध की मी चकितच झालो. प्रत्येक ‘ण’ ठणठणीत, प्रत्येक ‘ष’ जागच्या जागी. टाळ्यांनी खोली दणाणली, ‘वन्स मोअर’ झाला. मी मात्र अस्वस्थ होत होतो. आवाज त्याचा होता, पण बोलणारा तो नव्हता. कुणीतरी पुस्तकातला माणूस त्याच्या तोंडून बोलत होता.

दुसरी कविता त्याने जरा संकोचूनच काढली. ती वडिलांवर होती. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणाऱ्याच्या खिशात काडेपेटी असून चालत नाही. वडील सुट्टीच्या दिवशीही काडेपेटी जवळ ठेवत नसत, असे त्याने सांगितले. चूल आई पेटवी, देवापुढचा दिवाही आईच लावी, आणि दिवाळीत मुले फटाके उडवीत तेव्हा वडील आत जाऊन पाणी पीत बसत. एवढेच. आणि हे तो आपल्या घरच्या भाषेत सांगत होता. ‘पाणी’ म्हणाला नाही, ‘पानी’ म्हणाला. आवाज खाली आला होता. कुणी ‘वाहवा’ म्हटले नाही. सतरंजीवरची पोरेसुद्धा गप्प होती. मी इतकी वर्षे कविता शिकवतो आहे. कवितेचा प्रत्यय म्हणतात तो असा माझ्या शेजारी येऊन फार थोड्या वेळा बसला आहे.

आणि मग त्याने ती मोडली. वडील पाणी पितात तिथे कविता संपली होती. पण तो थांबला नाही. आवाज चढवून त्याने आणखी चार ओळी म्हटल्या: देश, सीमा, जवान, कामगाराचे रक्त. पुन्हा ‘ण’ ठणठणीत झाला. टाळ्या पडल्या, आणि मघाची शांतता कुठल्याकुठे गेली.

कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी मी त्याची वही मागून घेतली. कविता वहीत होती. शेवटच्या चार ओळी तिथे नव्हत्या.

“या कधी लिहिल्यास?” मी विचारले.

“लिहिल्या नाहीत सर. मागे एकदा वाचली तेव्हा लोक गप्पच बसले. मला वाटले, आवडली नाही. तेव्हापासून शेवटी एवढे म्हणतो.”

माझे सगळे टीकाशास्त्र या उत्तरात आले आहे. लोक गप्प बसले, ही त्या कवितेला मिळालेली सर्वांत मोठी दाद होती. तिचा अर्थ तो उलटा समजला, आणि मिळालेली दाद मोडून त्याने टाळी विकत घेतली. खोलीतल्या बहुतेकांच्या कवितेत मला ही टाळीची ओळ दिसली. कुणाची चालीत होती, कुणाची चढत्या आवाजात, विनोदी कवींची तर प्रत्येक चौथ्या ओळीला. फक्त त्या डायरीवाल्या बाईंपाशी ती नव्हती. आणि त्यांना टाळी मिळाली नाही.

परंतु दोष एकट्या श्रोत्यांच्या माथी मारून मला सुटता येत नाही. हा मुलगा सातवीत माझ्या वर्गात होता. एकदा कविता म्हणायला मी त्याला उभे केले. तो ‘पानी’ म्हणाला, वर्ग हसला, आणि मी त्याला तो शब्द सगळ्यांसमोर दहा वेळा म्हणायला लावला. दहाव्या वेळी तो बरोबर म्हणाला. त्यानंतर वर्षभर त्याने वर्गात तोंड उघडले नाही. मी मात्र भाषा सुधारल्याचे समाधान मानले होते. त्या लढाईच्या कवितेत जो पुस्तकी माणूस बोलत होता तो कोण, हे मी त्या रात्री घरी जाताना होळकर पुलावर ओळखले. तो मीच होतो.

इथे एक गोष्ट आठवते. १९०७ साली जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरले. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने तिथे कविता म्हटली, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. मराठी काव्यवाचनाच्या इतिहासातला हा सोन्याचा दिवस. पण त्याच जळगावात त्या दिवसांत बहिणाबाई चौधरी नांदत होत्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. संमेलनाने त्यांना बोलावले नाही, कोण बोलावणार? त्यांच्या ओव्या मुलाने आणि नात्यातल्या एकाने उतरवून घेतल्या, आणि पुस्तक निघाले ते १९५२ साली, त्या वारल्यावर. त्यांची लेवा बोली कुणा मास्तराने दहा वेळा म्हणवून घेऊन शुद्ध केली असती, तर त्या पुस्तकात काय उरले असते?

तेव्हा ऐकवण्याच्या कवितेची परीक्षा मी दोन प्रश्नांनी करतो. हे बोलणारा तोच आहे का, ज्याच्यावर हे गुदरले? आणि जिथे कविता संपली तिथे तो थांबला का? गळा, पाठांतर, हातवारे, शुद्ध उच्चार हे सगळे यानंतर. निवृत्त गृहस्थ पहिल्या प्रश्नाशी अडतात. ती कॉलेजातली मुलगी दुसऱ्याशी. तिच्याकडून मला पुष्कळ आशा आहे, कारण थांबणे काय असते ते तिला एकदा तरी कळले आहे. त्या बाईंनी दोन्ही प्रश्न ओलांडले आहेत, त्यांनी फक्त ध्वनिक्षेपक जवळ ओढावा. खडकीच्या त्या खोलीत एका संध्याकाळी दोन कविता निघाल्या. पेठांतल्या मोठमोठ्या संमेलनांतून मी कित्येकदा एकही न ऐकता परतलो आहे.

निघताना मुलाने विचारले, “सर, कशी वाटली?”

“छान,” मी म्हणालो, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याचे मित्र भोवती उभे होते, तो आनंदात होता. मला पुढे बोलवले नाही. मास्तराला वर्गात धीर असतो तेवढा बाहेर नसतो. हा अंक निघाला की एक प्रत त्याला पाठवीन म्हणतो. अरे, त्या शेवटच्या चार ओळी काढून टाक. वडील पाणी पितात तिथे थांब, लोक गप्प बसले तर बसू देत. आणि ते ‘पानी’ आहे तसेच राहू दे.