साष्टीचा मांडो

गोव्यातल्या चांदर गावात, चर्चजवळ, ब्रागांझांचा वाडा आहे. रस्त्याकडची त्याची लांबी एका नजरेत मावत नाही, खिडक्यांमागून खिडक्या येतच राहतात. पूर्वेकडच्या भागात नाचाचा दिवाणखाना आहे. खाली इटालियन संगमरवर, वर बेल्जियमची झुंबरं, फुलापानांची नक्षी असलेलं जस्ताचं छत, आणि पोर्तुगालचा राजा दों लुईस याने दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या. बघायला येणारे बहुतेक जण झुंबरांपाशी आणि खुर्च्यांपाशी थबकतात. मला त्या दालनात सगळ्यांत बोलकी वाटते ती मधली रिकामी जागा. एकोणिसाव्या शतकात साष्टी तालुक्यातल्या भाटकार, म्हणजे जमीनदार, ख्रिस्ती घराण्यांनी अशाच दिवाणखान्यांतून मांडो हा गाण्याचा आणि नाचाचा प्रकार घडवला. त्या श्रीमंतीतून उरलेल्या सगळ्या ऐवजात मी मांडोला पहिला मान देईन.

लग्नघरात, सणावाराला, पाहुण्यांच्या मैफलीत मांडो रंगे. कुडतरीचे लिगोरियो कॉश्त, लोटलीचे तोर्क्वातो द फिगेरेदो अशी रचनाकारांची नावं आजही आदराने घेतली जातात. ही माणसं पाश्चात्त्य संगीत शिकलेली. त्यांच्या वर्गात घरात आणि कचेरीत पोर्तुगीज चाले, पण मांडोत मनातलं बोलायची वेळ आली की शब्द कोकणीच येत. प्रेमाची कबुली, विरह, रुसवा, नशिबाला लावलेला बोल हे सगळं मायबोलीत. म्हणूनच हे गाणं युरोपातून आणलेल्या फर्निचरसारखं परकं राहिलं नाही.

आता त्याची चाल ऐका. मांडो सहा मात्रांचा, आणि लय अगदी सावकाश. व्हायोलिन आधी सुरांचा मार्ग दाखवतं, मग दोन आवाज उठतात. एक चाल धरतो, दुसरा तिच्याखाली ठरावीक अंतर राखून तिच्याच वळणाने जातो. स्वरांची छाया बहुधा उदास असते. ओळ संपताना सूर लांबतो, आणि आता तो विरणार असं वाटतं तेवढ्यात पुढचा चरण त्याला अलगद उचलून घेतो. उतावीळ गायकाच्या हाती मांडो दिला तर तो तिथल्या तिथे मरतो. एवढ्या हळू लयीत सूर टिकवायला दमसास लागतो, आणि भावनेचा तोलही सांभाळावा लागतो. हुंदका काढायला जागोजागी वाव आहे. चांगला गाणारा तो काढत नाही.

नाच याच संयमाचा. पुरुषांची एक रांग, स्त्रियांची दुसरी, समोरासमोर. पुरुष काळ्या कोटात. स्त्रियांच्या अंगावर जरीकाम केलेलं मखमल किंवा रेशीम, आणि हातात पंखा. रांगा एकमेकींकडे सरकतात, मागे येतात, एकमेकींतून पार होऊन बाजू बदलतात. कुणी कुणाला स्पर्श करत नाही. वॉल्ट्झ नाचणाऱ्या या समाजाला हात धरणं काही नवीन नव्हतं, तरी स्वतःच्या नाचात त्याने अंतर राखलं, आणि सगळं नाट्य त्या अंतरातच भरलं. बाजू बदलताना क्षणभर खांद्याला खांदा येतो. त्या क्षणी पंखा कुठे आहे ते पाहावं. डोळ्यांखाली असेल तर होकाराची आशा आहे, चेहरा पुरता झाकला असेल तर पुढच्या कडव्यापर्यंत थांबायचं. निदान मी तरी तो असाच वाचतो. पाऊल पुढे पडताना किंचित अडतं. ते अडणं साधलं की मांडो साधला.

आणि या सगळ्याखाली घुमट. भाजलेल्या मातीचं भांडं. रुंद तोंडावर कातडं ताणलेलं, अरुंद तोंड उघडं. एक हात कातड्यावर वाजतो, दुसरा मागचं तोंड झाकत-उघडत आवाजाला खोली देतो. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. घोरपडीला कायद्याचं संरक्षण मिळाल्यापासून बकऱ्याचं कातडं वापरतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. हेच घुमट गोव्यातल्या हिंदू घरांत चवथीला मराठी आरत्यांबरोबर वाजतं. मराठी कान असलेल्या माणसाला म्हणून मांडो पहिल्यांदा ऐकतानाही ओळखीचा लागतो. वर व्हायोलिनचे युरोपी सूर चाललेले असतात आणि खाली मातीचा तोच घुमारा, जो गणपतीपुढे ऐकलेला असतो. हे वाद्य दिवाणखान्यात आलं ते बाहेरच्या अंगणातून, आणि मांडो त्याच्यावाचून उभा राहत नाही.

वाड्यांचं हे वैभव कशावर उभं होतं तेही सांगायला हवं. माड, भातशेती, आणि मालकाच्या भाटात, म्हणजे जमिनीवर, राहून राबणारे मुंडकार. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कुळकायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला, जुन्या मिळकतीचा पाया सरकला, आणि ते न्याय्यच होतं. मांडो त्या अन्यायाबद्दल फारसं बोलत नाही, तो मालकाच्या मनातलं गाणं आहे. पण बाहेरचं जग त्याने अगदीच बाहेर ठेवलं नाही. १८९० च्या सप्टेंबरात मडगावात निवडणुकीच्या वेळी गोळीबार झाला, त्यावरही मांडो रचला गेला. शिवाय मांडोची मैफल मांडोवर थांबत नाही. पाठोपाठ दुलपदं येतात. लय चढते, पावलं मोकळी होतात, गावातली साधी माणसं आणि त्यांच्या रोजच्या गमती गाण्यात शिरतात. मग देखणी येते, हिंदू कलावंतिणीच्या नाचाची छाया घेऊन. राज कपूरच्या १९७३ च्या ‘बॉबी’मधल्या एका गाण्याला देखणीचीच चाल आहे, त्यामुळे मांडोचं नाव न ऐकलेल्यांनाही त्याच्या या धाकट्या बहिणीवर ठेका धरता येतो. उदास आणि सावकाश सुरुवातीपासून या उसळीपर्यंतचा प्रवास सलग अनुभवला, तरच मांडोची मैफल कळते. एकच मांडो तोडून ऐकणं अपुरं.

निरोपाला फिगेरेदो यांचा मांडो असतो, ‘आदेउस’ या शब्दाने उघडणारा. मुंबईला, आफ्रिकेला, पोर्तुगालला माणसं पाठवणाऱ्या गावांत निरोप हा घरोघरचा अनुभव होता. म्हणून वाड्यात जन्मलेली ही चाल वाड्यापुरती उरली नाही. आज गोव्यात आणि परदेशी गेलेल्या गोवेकरांच्या मेळाव्यांतही सगळे मिळून ती गातात.

आता मांडो महोत्सवांच्या रंगमंचावर आहे. तो तिथे टिकला याचा मला मनापासून आनंद आहे. एकच गोष्ट खटकते. प्रेक्षक समोर बसलेले, मायक्रोफोन पुढे लावलेले, त्यामुळे दोन्ही रांगा नकळत आमच्याकडे वळतात, आणि जी नजर समोरच्या रांगेतल्या माणसासाठी होती ती सभागृहात सांडते. आयोजकांनी एकदा खुर्च्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावून पाहाव्यात, मधे फरशी मोकळी सोडावी, आणि ध्वनिवर्धक बंद ठेवावा. दोन व्हायोलिनं आणि एक घुमट एवढ्या दालनाला पुरतात.