पाहुण्याचं गाव, रहिवाशाचं गाव

शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर लाँचमधून उतरणाऱ्याला अलिबाग निवांत दिसतं. थळच्या कोळीवाड्यात राहणाऱ्याला त्याच वेळी भरती-ओहोटी दिसत असते, बर्फाचा भाव दिसत असतो, डिझेलचा खर्च दिसत असतो. संथ गतीच्या जपानी अ‍ॅनिमे मालिका कुणी नव्यानं पाहायला घेणार असेल, तर मी हा फरक आधी सांगतो. या मालिका साधारण दोन जातींच्या असतात. काही पाहुण्याच्या नजरेनं गावाकडे बघतात, काही रहिवाशाच्या. दोन्हींत पाऊस सुंदर पडतो, दोन्हींत कुणी घाईत नसतं. पण पहिल्या प्रकारात वेळ नुसता छान जातो. दुसऱ्या प्रकारात वेळेची किंमत कुणीतरी मोजत असतं.

आपल्याकडे अ‍ॅनिमे म्हटलं की लहानांसाठी डोरेमॉन-शिनचॅन आणि मोठ्या मुलांसाठी तलवारबाजी. २०२५च्या सप्टेंबरात ‘डीमन स्लेयर’च्या चित्रपटाला आपल्या थिएटरांत झालेली गर्दी याच दुसऱ्या गटाची. त्यामुळे काहीच ‘न घडणाऱ्या’ मालिका हा कुणाला अलीकडचा शहरी चोचला वाटेल. तसं नाही. इसाओ ताकाहाता यांनी १९७४ साली ‘हायडी’ केली, ५२ भागांची. चित्रकारांची मंडळी त्यासाठी स्वित्झर्लंडला जाऊन घरं, कुरणं, शेळ्या पाहून आली होती. त्या मालिकेत विस्तवावर चीज वितळतं, आजोबा लाकूड तासतात, आणि कॅमेरा तिथे रेंगाळतो. रोजचं काम हीच गोष्ट, हे तिनं टीव्हीवर सिद्ध केलं. पुढच्यांनी तिच्यातला रेंगाळणारा कॅमेरा उचलला. काम मात्र सगळ्यांनी उचललं नाही.

‘नोन नोन बियोरी’ (२०१३) घ्या. डोंगरातलं गाव, सगळी मिळून पाच मुलं असलेली शाळा, वर्गात डुलक्या काढणारी शिक्षिका. अतिशय गोड मालिका आहे आणि माझी तिच्याबद्दल तक्रारही तीच आहे. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या एखाद्या वाडीत पाच पटाची शाळा म्हणजे ती कधी बंद होईल याची धास्ती. इथे ती मौज आहे. तरीही चौथा भाग चुकवू नका. सुट्टीत गावी आलेली मैत्रीण न सांगता परत गेली, हे त्या पाचांतल्या छोट्या रेंगेला कळतं. चित्र तिच्या चेहऱ्यावर थांबतं आणि डोळ्यांत पाणी यायला लागणारा सगळा वेळ थांबूनच राहतं. अख्ख्या मालिकेत रहिवाशाची नजर बहुधा एवढ्यापुरतीच येते, पण येते तेव्हा पूर्ण येते.

नवख्यानं सुरुवात करावी ती ‘बाराकामोन’पासून. २०१४ची, अवघ्या बारा भागांची. सेइशू हांदा हा तरुण सुलेखनकार. त्याचं अक्षर पुस्तकी आहे असं म्हणणाऱ्या एका वयोवृद्ध संचालकाला तो भर प्रदर्शनात ठोसा मारतो, आणि वडील त्याची रवानगी गोतो बेटांवर करतात. मूळ मांगाची, म्हणजे चित्रकथेची, लेखिका सात्सुकी योशिनो स्वतः त्या बेटांवरची, म्हणून यात गावाची आरती नाही. हांदाला एकांत हवा असतो. मिळतं काय, तर त्याच्या घराला आपला अड्डा समजणारी पोरं, न विचारता घरात येणारे शेजारी आणि सगळ्यांना सगळं ठाऊक. मुरूड-नांदगावकडे भाड्यानं घर घेऊन पुस्तक लिहायला आलेल्या कुणालाही विचारा. वरून फेकलेल्या मोची, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्या, वेचण्याच्या कार्यक्रमात हांदा झेलायला वर बघत राहतो आणि रिकाम्या हातानं उरतो. गावातली म्हातारी मात्र खाली पडलेल्या उचलून पिशवी भरते आणि वर त्याला सांगते की एखादी दुसऱ्यानं नेली तर नेऊ दे, पुढची बघ. स्पर्धेत जळणाऱ्या माणसाला याहून वेगळा उपदेश मालिका करत नाही. नारू या चिमुरडीचा आवाज खऱ्याच लहान मुलीचा आहे. मोठ्या बायकांनी काढलेले बालआवाज ऐकून कान किटलेल्यांना तेवढ्यानंही बरं वाटेल.

त्यानंतर ‘मुशिशी’. हिरोशी नागाहामा यांनी दिग्दर्शित केलेले २००५-०६चे २६ भाग, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सर्वोत्तम काम. गिंको हा भटका वैद्य. ‘मुशी’ नावाचे, धड प्राणीही नाहीत आणि धड भूतंही नाहीत असे जीव माणसांना जडतात, तो त्यांवर इलाज शोधतो. त्याच्याकडे हे जीव ओढले जातात, म्हणून एका जागी फार काळ थांबणं त्याला शक्य नाही. म्हणजे नायक कायमचा पाहुणा, आणि तरी प्रत्येक भाग रहिवाशाचा. आठव्या भागात समुद्रावरच्या धुक्यात हरवलेल्या बायकोची वाट बघत एक माणूस किनाऱ्यावर राहून गेलाय. नवव्या भागात एक बी आहे. दुष्काळी वर्षात ते भरभरून पीक देतं आणि हंगाम संपताना गावातला एक जीव घेतं. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ वादळानं दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांत पोफळी आडव्या केल्या. नव्या रोपाला सुपारी धरेपर्यंत वर्षामागून वर्षं जातात. तशी वाट बघितलेल्या माणसाला त्या बीचा मोह समजावून सांगावा लागणार नाही. मालिकेतही खलनायक कुणी नाही, भूक तेवढी आहे. प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, तेव्हा रोज एकच बघा. १ जून ते ३१ जुलै, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात ते दिवस याला उत्तम. पत्र्यावरचा पाऊस पार्श्वसंगीतात कुठे मिसळतो ते कळत नाही.

पाण्यावरच्या शहरातली ‘आरिया’ (२००५) अनेक जण पहिली म्हणून सुचवतात. मी नाही सुचवणार. पहिला सीझन साखरेत घोळलेला आहे. वल्हवायला शिकणाऱ्या तिच्यातल्या मुली तिसऱ्या सीझनमध्ये, २००८ साली, उमेदवारी संपवतात, तेव्हा कुठे आधीच्या संथपणाचा हिशेब लागतो. तिथपर्यंत नवखा टिकत नाही. मारामारीच्या मालिकांतून येणाऱ्यानं ‘फ्रीरेन’ (२०२३) धरावी. वीर मरून गेल्यावर त्याची हजारो वर्षं जगणारी सोबतीण त्याला ओळखू लागते, ही कल्पनाच मोठी आहे. उत्तरार्धात मालिका परीक्षा आणि सामन्यांत शिरते, तिथे मात्र बाजाराचा हात दिसतो.

‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ (२०१६-१८) ४४ भागांची आहे. सतरा वर्षांचा व्यावसायिक शोगीपटू रेई, टोकियोतली नदी, नदीवरचे पूल आणि पलीकडच्या घरातल्या तीन बहिणी. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ, ते कळलं नाही तरी अडत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये मधली बहीण हिनाता शाळेत छळली जाते. तिथे मालिका तोडगा काढायची घाई करत नाही, उलट आठवडेच्या आठवडे त्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसून राहते. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या चित्रपटात वडील गेलेला मुलगा कोकणातल्या नव्या गावाशी जुळवून घेतो, तो संयम ज्यांना भावला त्यांना ही परकी वाटणार नाही.

‘शोवा गेन्रोकु राकुगो शिंजू’ (२०१६-१७) शेवटी ठेवा. राकुगो म्हणजे गादीवर गुडघे मोडून बसलेला एकच माणूस, हातात पंखा आणि रुमाल, आणि सगळी पात्रं त्याच्याच तोंडून. कीर्तनातलं आख्यान किंवा मिरासदारांचं कथाकथन ऐकलेल्या मराठी कानाला हा खेळ लगेच ओळखीचा वाटतो. कथेत कला मरत चालली आहे. याकुमो या उस्तादाला ती आपल्याबरोबरच संपावी असं वाटतं, आणि तुरुंगातून सुटलेला एक अडाणी पोरगा त्याच्या दाराशी शिष्य व्हायला बसलाय. अकिरा इशिदा या कलाकारानं याकुमोला कोवळ्या उमेदवारापासून जर्जर म्हातारपणापर्यंत आवाज दिलाय. वयागणिक त्याच्या सादरीकरणातला श्वासही बदलतो, म्हणून मूळ जपानीच ऐका, सबटायटल वाचायचा कंटाळा आला तरी. पहिला भाग नेहमीच्या दुप्पट लांबीचा आहे आणि त्यात बराच वेळ एक माणूस नुसता गोष्ट सांगतो. तिथे मोबाइल हातात घ्यावासा वाटला, तर मालिका बंद करून पुन्हा ‘मुशिशी’कडे जा. सहा महिन्यांनी परत या.