ओरेम यांचा सिद्धांत निवडताय? थोडं थांबा

सैद्धांतिक चौकट लिहायची वेळ आली की नर्सिंगचे बरेच विद्यार्थी डोरोथिया ओरेम यांच्याकडे वळतात. १९७१च्या ‘नर्सिंग: कन्सेप्ट्स ऑफ प्रॅक्टिस’ या पुस्तकातला त्यांचा विचार सरळ आहे. माणूस स्वतःची काळजी स्वतः घेतो. गरजेपुढे क्षमता कमी पडली की नर्सचं काम सुरू होतं. मग नर्स सगळं करते, काही भाग उचलते किंवा फक्त शिकवते, आधार देते. अशा पायऱ्या प्रश्नावलीत छान बसतात.

मेख इथेच आहे. आपल्याकडे वॉर्डात रुग्णाला भरवणारं, अंग पुसणारं बहुतेकदा घरचंच माणूस असतं. तुम्ही रुग्णाला फक्त ‘स्वतः काय करता?’ एवढंच विचारलंत, तर सुनेने घेतलेली काळजी तुमच्या तक्त्यात दिसणारच नाही; दिसेल ती नुसती रुग्णाची उणीव. दुसऱ्यावर अवलंबून असलेल्याची काळजी घरच्यांनी घेणं ओरेम यांच्या मांडणीत आहे, पण बरेच प्रबंध तो भाग गाळतात. तरीही मांडणीची सुरुवात एकट्या माणसापासूनच होते, हेही खरं.

म्हणून आधी लिहून काढा: तुमच्या रुग्णाची काळजी प्रत्यक्षात कोण घेतं? त्या माणसाला चौकटीत जागा नसेल, तर चौकट बदला. माणूस वगळू नका.